भव्य की बेताचं? किल्लारीच्या पुनर्वसनाकडे पुन्हा पाहताना

(जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन)



तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसानं घरबांधणीवर बोलावं, याचं तुमच्यातल्या काहींना नवल वाटलं असेल. पण गावाचा किंवा शहराचा जुना मध्यभाग पाडून नव्यानं उभा करायचा विषय निघाला की जो वाद पेटतो, तो सिमेंटचा नसतो. माणसाला पुढचं किती कळतं, याचा तो वाद असतो. एक बाजू म्हणते, एकदाच काय ते भव्य करून टाका, अशी संधी पुन्हा येत नाही. दुसरी म्हणते, आहे ते मोडू नका, बेताबेतानं सुधारा. नांदेडला २००८ साली गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीसाठी सचखंड गुरुद्वाऱ्याच्या आसपासचा भाग मोकळा करून रस्ते रुंद केले, तेव्हा मी हे दोन्ही सूर ऐकले. लातूरच्या गंजगोलाईतल्या गर्दीवर चार माणसं बोलायला लागली की आजही तेच ऐकू येतात.

मराठवाड्यात या दोन विचारांची एकाच वेळी, एकाच सरकारी कार्यक्रमात, मोठ्या प्रमाणावर परीक्षा झाली ती इथं, किल्लारीत आणि आसपासच्या गावांत. त्या परीक्षेचा निकाल आपण अजून नीट वाचलेला नाही, असं माझं म्हणणं आहे. भव्यवाले म्हणतात, बघा, गावं उभी राहिली. बेतवाले म्हणतात, बघा, गावपण गेलं. दोघंही आपापल्या सोयीचं पान वाचतात आणि वही मिटवतात.

सुरुवातीलाच एक कबुली देतो. भूकंपानंतरच्या महिन्यात मी काही विद्यार्थ्यांना घेऊन या भागात आलो होतो. ट्रकमधून पत्रे उतरवले, याद्या लिहिल्या. परत गेल्यावर एका सभेत मी ठासून सांगितलं होतं, की जुन्या गावठाणात पुन्हा एक दगडही रचू नका. सरळ रस्त्यांची, आखीव, नवी गावं वसवा. जातीच्या गल्ल्या ढिगाऱ्यात गेल्यात, त्या तिथंच राहू द्या. टाळ्या पडल्या होत्या. आज मी माझ्या त्या भाषणाची समीक्षा करतोय, असं समजा.

आधी सावधपणाचा हिशोब मांडू, कारण तो कुणी मांडत नाही. किल्लारी परिसरात १९९२ सालीच हादरे बसत होते. पण तेव्हाच्या भूकंपप्रवण क्षेत्रांच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. जमीन एक सांगत होती आणि कागद दुसरं. आपण कागदावर विसंबलो आणि थांबून बघू म्हणालो. थांबणं हाही निर्णय असतो, त्याचीही किंमत असते. फक्त ती कुणाच्या सहीखाली येत नाही.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं, दमून लोक झोपलेले. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. तीव्रता सहाच्या थोडी वर. या तीव्रतेचे धक्के जगात दरवर्षी शंभराहून जास्त होतात. इथं ८ ते १० हजार माणसं गेली. का गेली? दोन-दोन, अडीच-अडीच फूट जाडीच्या, मातीत रचलेल्या दगडी भिंती. आतला थर आणि बाहेरचा थर एकमेकांना धरून ठेवणारा लांब आडवा दगडच नाही. वर माळवद, आणि त्यावर वर्षानुवर्षं पावसाळ्याआधी टाकलेल्या मातीचं ओझं. भिंत फुटली आणि सगळं छत अंगावर आलं.

पण त्याच गावांत दुसरीही गोष्ट दिसली. ज्या घरांत छताचा भार लाकडी खांबांवर आणि तुळयांवर होता, तिथं भिंती ढासळल्या तरी अनेक ठिकाणी छत उभं राहिलं. म्हणजे मारणारी भिंत आपल्या परंपरेतली, आणि वाचवणारा खांबही आपल्याच परंपरेतला. ‘परंपरा जपा’ आणि ‘परंपरा फेका’ ही दोन्ही वाक्यं त्या पहाटेपुढं टिकत नाहीत. काय जपायचं आणि काय फेकायचं, हे एकेका भिंतीपाशी जाऊन ठरवावं लागतं.

आता कार्यक्रमाकडे येऊ. जागतिक बँकेच्या कर्जावर आणि देशभरातून आलेल्या मदतीवर जे पुनर्वसन झालं, त्याचे तीन भाग होते. ५२ गावं पूर्णपणे नव्या जागी हलवली, किल्लारी त्यांतलंच. २२ गावांत आहे त्याच जागी बांधकाम करायचं ठरलं. आणि १३ जिल्ह्यांतल्या सुमारे दोन लाख घरांची डागडुजी आणि मजबुतीकरण करायचं होतं. पहिला भाग भव्य विचाराचा, तिसरा बेताचा. अशी तुलना करायची संधी जगात फार थोड्या ठिकाणी मिळते.

भव्य विचारानं काय दिलं ते आधी प्रामाणिकपणे सांगू. ज्यांच्या नावावर कधी चार भिंती नव्हत्या, त्या भूमिहीनांना पक्कं घर मिळालं. रस्ते, पाणी, वीज, शाळा मिळाल्या. आईबाप गमावलेल्या पोरांना डोक्यावर छप्पर मिळालं. हे कमी नाही, आणि शहरात बसून ‘गावाचा आत्मा हरवला’ असं लिहिणाऱ्यांनी आधी एखादा पावसाळा पत्र्याच्या शेडमध्ये काढून बघावा.

आता त्याची दुसरी बाजू. घराचा आकार जमिनीवरून ठरला. जमीन नाही किंवा एक हेक्टरपर्यंत आहे, तर २५० चौरस फूट. एक ते सात हेक्टर असेल तर ४००. सात हेक्टरच्या वर ७५०. हिशोबाला सोपं, भांडणाला जागा नाही. पण आखणीच्या सोयीसाठी अनेक गावांत एका आकाराची घरं एका पट्ट्यात आली. मराठवाड्यात जमीन कुणाकडे आहे आणि कुणाकडे नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको. जी गल्ली मी माझ्या भाषणात ढिगाऱ्याखाली गाडली होती, ती चौरस फुटांचं माप लावून परत आली. नकाशावर कुठंही जात लिहिलेली नव्हती. नकाशा काढणाऱ्याच्या मनातही नसेल. म्हणून तर ती कुणाला अडवता आली नाही.

घराच्या आतही तेच. जुन्या घराला ढाळज होती, अंगण होतं, धान्याला बळद होतं, कडब्याला आणि जनावराला जागा होती. शेतकऱ्याचं घर हे झोपायचं ठिकाण जितकं, तितकंच कामाचं ठिकाण. नव्या घरात माणसं मावली, शेती बाहेर राहिली. गुबाळला तर घुमटाच्या आकाराची घरं बांधली. भूकंपाच्या दृष्टीनं उत्तम. पण गोल भिंतीला कपाट लागत नाही, आणि थोरल्याचं लग्न झाल्यावर तिला चौकोनी खोली जोडता येत नाही. घर पुरं झालेलं होतं. राहणाऱ्याला त्यात भर घालायला जागाच ठेवलेली नव्हती.

आणि गावाचा मध्यभाग? जुन्या गावात वेस, पार, मारुती, दुकानं, चावडी हे सगळं एकमेकांत गुंतलेलं असायचं. बाजाराला आलेली बाई दळण टाकायची, पोराला दवाखान्यात दाखवायची आणि जाताजाता माहेरच्या माणसाला निरोप द्यायची. नव्या आराखड्यात प्रत्येक गोष्टीला वेगळा भूखंड आहे: शाळेला, दवाखान्याला, समाजमंदिराला, बाजाराला. पण भूखंड राखला म्हणून बाजार भरत नाही. लोकांनी काय केलं? जिथं माणसांची ये-जा होती तिथं घराची पुढची खोली दुकान झाली, रस्त्याच्या कडेला टपरी आली, घराला पत्र्याची पडवी आली. अधिकारी तिला अतिक्रमण म्हणतात. मी तिला आराखड्यावर लोकांनी दिलेला अभिप्राय म्हणतो.

मग बेताच्या मार्गानं जास्त चांगलं झालं का? आज बहुतेक विचारवंत हो म्हणतील. मी इतक्या सहजी म्हणणार नाही.

डागडुजीच्या कार्यक्रमात एक फार मोलाची गोष्ट झाली. गावोगाव बायकांना संवाद सहायक म्हणून नेमलं. प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेनं महिला मंडळांना सोबत घेऊन घर मजबूत कसं करायचं, पैसा कसा येतो, काम कसं तपासायचं, हे शिकवलं. ज्या बायकांनी कधी गवंड्याशी तोंड वर करून बोललं नव्हतं, त्या सळई मोजायला लागल्या. भव्य कार्यक्रमात लोक लाभार्थी होते. इथं त्यांच्यातले काही जाणकार झाले.

पण मूळ हेतू काय होता? जुन्या भिंतीत आडवे दगड बसवायचे, माळवदावरची माती कमी करायची, भिंतींना वरून काँक्रीटचा पट्टा घालून बांधून घ्यायचं. थोड्या पैशात जुनंच घर सुरक्षित करायचं. लोकांनी हे फारसं केलं नाही. मोठ्या संख्येनं लोकांनी त्या पैशात जुन्या घराशेजारी एक नवी पक्की खोली बांधली. दगडाची धास्ती इतकी बसली होती, की त्याच दगडाच्या भिंतीत पैसा घालायला मन धजेना. तज्ज्ञ हिरमुसले. मला त्यांचं दुःख कळतं, कारण शेजारची जुनी भिंत होती तशीच धोकादायक राहिली आणि तिच्याखाली कुणीतरी झोपतच राहिलं. पण ज्यानं आपल्या हातानं आपली माणसं दगडांतून काढली, त्याला तुम्ही दगडाचे गुण सांगून पटवू शकत नाही. बेताच्या मार्गानं घराची पाहणी केली, भीतीची केली नाही.

म्हणजे बघा, भव्य आराखडाही लोकांनी बदलला आणि बेताचाही. एकाला पडवी लावली, दुसऱ्याची खोली केली. दोन्हीकडे बदल झाले ते गुपचूप, जाणकाराचा सल्ला न घेता, आपल्या खिशातून. माझ्या मते किल्लारीचा खरा निकाल हा आहे.

इथं थोडं तत्त्वज्ञान येऊ द्या, नाहीतर मला बोलावल्याचा उपयोग काय! कार्ल पॉपर या विचारवंतानं समाजाची पुनर्रचना करण्याच्या दोन रीती सांगितल्या. एक, आदर्श चित्र मनात धरून सगळं एकदम बदलायचं. दुसरी, एकेक दोष हेरून तुकड्यातुकड्यानं सुधारायचं. पॉपर दुसरीच्या बाजूचा. मी वर्गात वर्षानुवर्षं हे शिकवलं आणि मुलं उत्तरपत्रिकेत लिहायची, की पॉपरच्या मते लहान बदल चांगले, मोठे वाईट. मी गुण द्यायचो. ते चूक होतं. पॉपर स्वतः म्हणतो, की या दोन रीतींतला फरक बदलाच्या आकाराचा नाही. अनपेक्षित ते घडणारच, हे धरून तुम्ही तयारी ठेवता की नाही, हा फरक आहे. चूक झाली तर ती दिसेल का, आणि दिसली तर निस्तरता येईल का?

किल्लारीला हे लावून बघा. सपाट झालेल्या गावात तुकड्यातुकड्यानं सुधारणा हा शब्दच निरर्थक होता. ढिगाऱ्याला ठिगळ लावता येत नाही. मोठं काही करणं भागच होतं. दोष मोठेपणाचा नव्हता. घर हाती दिल्यावर त्याची चूक कुणी, कशी आणि कुणाच्या पैशानं दुरुस्त करायची, याचं पानच त्या कार्यक्रमात नव्हतं.

आणि सुरुवातीला विचारलेला प्रश्नही तोकडा होता. शेडमध्ये बसलेल्या, रोज नवे हादरे सोसणाऱ्या माणसाला आपण विचारलं, गाव हलवायचं का? तो हो म्हणाला. दुसरं काय म्हणणार? त्याला आपण लोकसहभाग म्हटलं.

यावर नेहमीचं उत्तर येतं, की सर, तेव्हा वेळ होता कुठं? लोक उघड्यावर होते. या उत्तराला मी इतिहासातलं एक उदाहरण देतो. १ नोव्हेंबर १७५५ रोजी पोर्तुगालची राजधानी लिस्बन भूकंपानं, लाटांनी आणि आगीनं उद्ध्वस्त झाली. सणाचा दिवस होता, लोक चर्चमध्ये होते. या भूकंपानं युरोपातलं तत्त्वज्ञान हलवलं. देव दयाळू असेल तर हे का, असं व्होल्तेअरनं विचारलं. रूसोनं त्याला पत्र लिहून साधी गोष्ट सुनावली, की इतकी उंच घरं इतक्या दाटीनं निसर्गानं बांधली नव्हती. हा वाद आम्ही शिकवतो. पण त्याच वेळी मानुएल दा माया नावाचा एक इंजिनिअर काय करत होता, हे आम्ही शिकवत नाही. वय ऐंशीला टेकलेलं, म्हणजे माझ्याहूनही म्हातारा. ४ डिसेंबरला, पाच आठवड्यांच्या आत, त्यानं आपल्या टिपणाचा पहिला भाग दिला. त्यात पाच पर्याय होते. शहर होतं तसंच बांधा. किंवा तसंच बांधा, पण रस्ते रुंद करा. किंवा इमारतींची उंचीही कमी करा. किंवा मध्यभाग पूर्ण साफ करून नवी आखणी करा. किंवा शहरच दुसऱ्या जागी, बेलेंकडे न्या. प्रत्येकाचे फायदे-तोटे लिहिले. त्याच सुमारास जुन्या मालमत्तांची मोजणी करून नोंद करायचं फर्मान निघालं, म्हणजे कुणाची जागा कुठं होती ते हरवू नये.

निवडला गेला चौथा पर्याय, चांगला भव्य. निवडणारा पोंबाल हा हुकूमशहा वृत्तीचा मंत्री. लोकांना विचारण्याचा प्रश्न नव्हता, तेव्हा तो भाग आपण घ्यायचा नाही. घ्यायचं ते एवढंच, की भव्य आणि बेताचं यांच्या मध्ये तीन पायऱ्या असतात आणि त्या पाच आठवड्यांत मांडता येतात. आणखी एक. त्या सरळ नव्या रस्त्यांना सोनारांची, चांदीवाल्यांची, चांभारांची नावं दिली. कोणता धंदा कुठं बसणार, याचा विचार आखणीतच होता.

त्यासाठी लिस्बनला कशाला जायचं? लातूरची गंजगोलाई बघा. निजामाच्या राजवटीतली आखणी, मध्ये गोल आणि त्यातून फुटणारे सोळा रस्ते. त्या काळच्या लातूरच्या मानानं ही भव्यच कल्पना. पण कुठं सराफा, कुठं चपला, कुठं मिरची, कुठं गूळ, असा प्रत्येक रस्त्यानं आपला धंदा धरला. भूमिती वरून आली, जीव खालून भरला. भूमितीनं त्याला आडकाठी केली नाही. म्हणून ती आजही लातूरचं पोट आहे.

किल्लारीनंतर आठ वर्षांनी, २००१ साली, भूज पडलं. तिथल्या जुन्या तटबंदीच्या शहरात अरुंद गल्ल्यांमुळं माणसांना बाहेर पडता आलं नाही. रस्ते रुंद करणं भाग होतं. तिथं सगळं शहर हलवलं नाही आणि होतं तसंही ठेवलं नाही. प्रत्येकाच्या भूखंडातून थोडी जागा काढून घेतली, लहानातून कमी, मोठ्यातून जास्त, आणि त्यातून रस्ते काढले. बहुतेकांची नवी जागा जुन्या शेजारातच राहिली. कच्छमध्ये घरं बांधण्याचं कामही मोठ्या प्रमाणावर लोकांच्याच हाती दिलं. पैसा हप्त्यानं, तपासणी इंजिनिअरची. तिथंही तक्रारी आहेत, भाडेकरूंचे हाल झाले. पण एवढं नक्की, की किल्लारीची चूक पाहूनच त्यांनी वेगळं केलं. आपल्या चुकीतून कच्छ शिकलं. आपण शिकलो का?

हा प्रश्न मी आज विचारतोय, कारण नवी गावं आता जुनी व्हायला लागली आहेत. १९९० च्या दशकातल्या स्लॅबना तीस वर्षं होत आली. २५० चौरस फुटांत तिसरी पिढी आहे. भाऊ-भाऊ वेगळे होतायत. आज ना उद्या कुणीतरी रंगीत चित्रं घेऊन येईल, की गावाचा मध्यभाग असा करू, व्यापारी संकुल असं बांधू. तेव्हा कुणीतरी उठून म्हणेल, नको, आहे ते बरं. आणि आपण पुन्हा त्याच दोन बाकांवर बसू.

तसं होऊ नये म्हणून माझं सांगणं अगदी व्यवहारी आहे. कोणताही आराखडा एकटा आला तर ग्रामसभेनं तो परत पाठवावा. चार-पाच मागावेत, प्रत्येकापुढं खर्च आणि तोटा लिहिलेला. तीस वर्षांत लोकांनी केलेल्या पडव्या, खोल्या, दुकानं यांची आधी मोजणी व्हावी, कारण खरा आराखडा तोच आहे. वाढीव खोली बांधणाऱ्याला नोटीस देण्याआधी इंजिनिअरचा फुकट सल्ला द्यावा. भूकंपात जीव वाचेल तो त्यानंच. आणि घरांचे कबाले. अनेक पुनर्वसित गावांत हा प्रश्न वर्षानुवर्षं रेंगाळला. ज्याच्या हाती मालकीचा कागद नाही, तो भिंतीला तडा गेला तर कर्ज कशावर काढणार आणि दुरुस्त काय करणार? मी ज्याला आराखडा दुरुस्त करण्याचा हक्क म्हणतो, त्याची पहिली ओळ त्या कागदावर आहे.

१९९३ च्या त्या सभेत मला कुणीतरी मागच्या रांगेतून विचारलं होतं, की सर, नवं गाव चुकलं तर? मी म्हणालो होतो, चुकणार नाही, तज्ज्ञ आहेत. आज तो प्रश्न विचारणारा भेटला तर मी त्याची माफी मागेन आणि त्याला व्यासपीठावर बसवेन.